अडतीस मिनिटांचा शब्द

पिरंगुटच्या बाजारात, पौड रस्त्याला लागूनच, वडापावची गाडी आणि खतांचं दुकान यांच्या बेचक्यात बाबालाल मुलाणीचं दुकान आहे. दुकान कसलं, जरा मोठं कपाटच म्हणायचं. वर पाटी: 'जस्मीन वॉच कंपनी'. त्याखाली, मधल्या काळात पेंटर बदलल्यामुळे निराळ्या वळणात: 'येथे फास्ट चार्जर वेळ मोजून मिळतील.'

कंपनीत माणूस एकच. जस्मीन ही बाबालालची थोरली लेक. ती बारामतीला सासरी जाऊन चौदा वर्षं झाली, पण पाटीवरचं नाव बदलायचं त्याच्या मनात आलं नाही. तिचा फोन आला की खुशाली विचारायच्या आधी तो सांगतो, "तुझी कंपनी जोरात हाय गं!" कंपनी खरोखर जोरात असती तर हे रोज सांगावं लागलं नसतं, एवढं जस्मीनला कळतं. तीही म्हणते, "व्हय अब्बा, मला माहीत हाय."

आता 'वेळ मोजून' म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाजारात इतर दुकानांत चार्जर मागितला की दुकानदार खोकं फेकतो आणि म्हणतो, ऐंशी वॅट, घ्या. बाबालालकडे तसं नाही. नवीन माल आला की तो आधी खोक्यावरचा मजकूर वाचतो आणि हसतो. खोक्यावर लिहिलेलं असतं, 'आठ मिनिटांत दिवसभराची चार्जिंग.' बाबालाल विचारतो, "दिवस कुणाचा? ह्या वडापाववाल्याचा दिवस पहाटं चारला सुरू होतो. माझ्या मेव्हण्याचा अकराला." मग तो टेबलावर पांढरं फडकं अंथरतो, पार संपलेला फोन त्यावर ठेवतो, चार्जर लावतो आणि गळ्यातलं स्टॉपवॉच दाबतो. एकदा नाही, तीनदा. पन्नास टक्क्याला किती, ऐंशीला किती, शंभरला किती. तीन वेळा आकडा जुळला की खोक्यावरच्या वॅटवर पांढरी पट्टी चिकटवून वर मार्करने लिहितो: '३८ मि.' किंवा '१ ता. १२ मि.' गिऱ्हाइकाला वॅट सांगायचे नाहीत, वेळ सांगायची, हा त्याचा नेम. "वॅट काय गिऱ्हाईक घरी नेऊन शिजवणार हाय?"

ते स्टॉपवॉचही साधंसुधं नव्हे. बैलगाड्याची शर्यत इकडे घाटात, म्हणजे चढाच्या आखीव धावपट्टीवर, होते. एका वेळी एकच गाडा पळतो, आणि नंबर कुणाचा हे घड्याळ ठरवतं. म्हणजे ज्याच्या हातात घड्याळ, त्याच्या हातात गाव. भरे गावच्या यात्रेत हे घड्याळ कुणाच्या हातात द्यायचं यावरून वरची आळी आणि खालची आळी यांच्यात दर वर्षी शर्यतीआधीच एक शर्यत व्हायची. शेवटी कुणीतरी म्हणालं, पिरंगुटच्या बाबालालला बोलवा. तो घड्याळं दुरुस्त करतो, वरच्या आळीचा नाही, खालच्याही आळीचा नाही, आणि बैलाला घाबरतो, म्हणजे कुठल्या बैलावर जीवही लावणार नाही. तिन्ही गुण एकाच माणसात मिळाल्यावर वीस वर्षं गावाने दुसऱ्याचा विचार केला नाही. बाबालालने "बारा सेकंद चव्वेचाळीस" म्हटलं की चव्वेचाळीसच. त्रेचाळीस म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या. पुन्हा सुरू झाल्या त्या सेन्सर घेऊनच. घाटाच्या दोन टोकांना दोन डोळे बसवले आणि मधल्या फळ्यावर लाल आकडे. कमिटीने बाबालालला शाल दिली, नारळ दिला आणि स्टेजवर पंख्यासमोरची खुर्ची दिली. स्टेजवर पंख्यासमोर बसवल्यावर आपलं काम संपलं, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. बाबालाल नारळ घेऊन घरी आला, आणि दुसऱ्या दिवशीपासून स्टॉपवॉच चार्जरकडे वळलं.

तिथे त्याचं पुन्हा बस्तान बसलं. हिंजवडीजवळच्या माणचा कोंडिबा तर कितीदा नुसता गप्पा मारायला येई. कोंडिबाच्या शेतात आता तीन मजले उभे आहेत, अठरा खोल्या, आणि आयटीतली पोरं भाड्याने. एकदा तो कपाळाला आठ्या घालून आला.

"बाबालाल, मला एक सांग. माझ्या अठरा खोल्या, आन् खोलीगणिक न्यारा चार्जर. एकाचा फोन चहा पितोय तवर भरतोय, दुसरा अर्धा दिस तारंला लटकतोय. लाईट तर सगळ्यांना मी एकच देतोय. मी काय दुजाभाव करतोय व्हय?"

"तुझ्या विहिरीवर मोटर कितीची हाय?"

"पाचची होती. आता विहिरीवर पार्किंग हाय."

"बरं, होती. पाचच्या मोटरीला अर्ध्या इंचाचा पाइप लावला असतास तर?"

"बापानं मला हाणला असता."

"हां. तर चार्जर म्हंजी मोटर, वायर म्हंजी पाइप, आन् फोन म्हंजी हौद. काई कंपन्या पाइप तोच ठिवत्यात आन् जोर वाढवत्यात. काई कंपन्या जोर तोच ठिवत्यात आन् पाइप रुंद करत्यात. पाणी दोन्हीकडनं येतंय. पण रुंद पाइपवाल्याला वायरबी त्याचीच लागती. दुसरी लावलीस की झालं, ठिबक सिंचन."

"मग माझा फोन ऐंशी टक्क्यापतुर बैलासारखा पळतोय, आन् पुढं म्हशीसारखा बसतोय, ते का?"

"हौद काठाला आला की तू नळ बारीक करायचास का न्हाई? तसंच. न्हाई केला तर हौद सांडतोय. फोन सांडत न्हाई, तापतोय."

कोंडिबाला पटलं, पण पूर्ण नाही. बाबालालने मग खरं गुपित सांगितलं.

"लावल्या लावल्या पयल्यांदा काय होतंय, ठावं हाय? सोयरिकीची बैठक. चार्जर इचारतो, पाव्हणं कुठलं? फोन सांगतो, अमक्या कंपनीचं. चार्जर म्हणतो, अरं, आपलीच की भावकी! मग ऐंशी वॅट, म्हंजी पुरणपोळी, वर तूप. फोन परका निघाला तर चार्जर म्हणतो, या बसा, आन् दहा वॅट. नुसता चहा."

"आन् हा पीडी म्हणत्यात तो चार्जर?"

"तो लगीन जमवणारा. सगळ्या गावांत वळख. पुरणपोळी न्हाई घालणार, पण जाईल तितं पोटभर जेवाण हाय. तुझ्या खोल्यांच्या जिन्यात दोन पीडी लावून ठिव. आसामपासनं केरळपतुर कुणाचाबी फोन उपाशी न्हाई राहायचा."

कोंडिबाने दोन घेतले. जाताना म्हणाला, "लेका, माझ्या खोल्यांत इंजिनेर लई हायेत, पण असं सांगणारा एक न्हाई."

इतकं सगळं असूनही बाबालालच्या मुलाला, शाकिरला, दुकान डोळ्यांत खुपत होतं. शाकिर हिंजवडीला कंपनीत होता, माणला फ्लॅट होता, त्यात एक खोली आई-बापांसाठी रिकामी ठेवलेली. पोरगा गुणी. बाप ऊन-धुरळ्यात बसतो याचं त्याला खरंच वाईट वाटे. शिवाय एक मोमोवाला दुकानाची जागा मागत होता.

"अब्बा, लोक आता घरी बसून मागवतात. रेटिंग बघतात आणि ऑर्डर करतात."

"रेटिंग म्हंजी?"

"आधी घेतलेल्या लोकांनी दिलेले स्टार."

"मोजून दिलेले?"

"म्हणजे... अंदाजे."

"अंदाजे!" बाबालाल असं म्हणाला, जणू पोराने घरात डुक्कर आणलं. "अरं, अंदाजानं भाजीत मीठ टाकत्यात. वेळ मोजत्यात."

हा वाद चालू असतानाच दुकानासमोर भऱ्याचा शंभू उभा होता. शंभू कारखान्यात कामाला, एका बैलात चार आण्यांचा वाटेकरी, आणि घाटाचा निवेदक. गाडा सुटला की माईकवरून "झाली, झाली, झाली, झाली!" असं जे ओरडतात, ते तोच. यंदा यात्रा दिवसभर फोनवरून लाईव्ह दाखवायची म्हणून त्याला चार्जर हवा होता.

"चाचा, हा किती मिनिटांचा?"

"अडतीस. शून्यापासनं शंभरापतुर."

"आन् चाळीस लागली तर?"

समोर शाकिर होता, मागे तो मोमोवाला होता, आणि बाबालालच्या अंगात वीस वर्षांचा घाट संचारला.

"अडतीसच्यावर गेला तर चार्जर परत घेईन, आन् शटर खाली. मंग मी माणला नातू खेळवीन आन् हितं मोमो शिजू द्यात."

"अब्बा, साक्षीदार आहेत हां," शाकिर हसून म्हणाला.

हे संध्याकाळी बाबालालच्या बायकोला, बिस्मिल्लाला, कळलं तेव्हा तिच्या हातातली परात खाली पडायची राहिली. बिस्मिल्लाला फ्लॅट आवडला होता, गॅलरी आवडली होती, नातू तर जीव की प्राण. पण दर गुरुवारी बाबालालची सुट्टी असे, आणि त्या एका दिवसात ती अर्धी होई. तो ओट्याशी स्टूल घेऊन बसायचा. "पयली शिट्टी सात मिनिटं दहा सेकंदांनी. मागल्या गुरुवारी सहा चाळीसला झाली हुती. पाणी जास्त घातलंस का?" भाकरी तव्यावर टाकली की टिक्, उलटली की टिक्. एकदा तर त्याने तिच्या नमाजाला आज कालच्यापेक्षा दीड मिनिट कमी लागल्याचं सांगितलं होतं. आता हे रोज, बारा महिने, माणच्या त्या चकचकीत किचनमध्ये!

"अवं, अशी कुणी पैज लावतं व्हय?" ती म्हणाली.

"पैज न्हाई. शब्द हाय."

"शब्दच म्हणते मी. वाईच सैल बोलायचं. चाळीस-बेचाळीस."

बाबालालने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने परात धुवायला घेतली.

यात्रा शनिवारी झाली, आणि झकास झाली. शंभूच्या बैलाने, हौश्याने, अकरा सेकंद एकोणनव्वदमध्ये घाट मारला. मग काय! कुणीतरी जेसीबी आणला. त्याच्या बकेटात पोती फोडून ओतली, बकेट वर गेलं आणि अख्ख्या भऱ्यावर गुलालाचा ढग उतरला. बैल गुलाबी, पोलीस गुलाबी, स्टेजवरचा पंखा गुलाबी. एकही माणूस फोन खिशात ठेवून उभा नव्हता. सगळे हात वर करून व्हिडिओ काढत होते, आणि गुलाल फोनांवरून निथळत होता. बाबालाल मात्र स्टेजवरून लवकर उठून घरी आला होता. सेन्सरचे लाल आकडे त्याला फार वेळ बघवत नसत.

रविवारी सकाळी दहा वाजता दुकानासमोर शंभू उभा. कानामागे अजून गुलाल, चेहरा मात्र उतरलेला.

"चाचा, वाईट वाटून घेऊ नका. पण काल रात्री लावला, तीन तास लागलं."

बाबालालच्या हातातला चिमटा थांबला. "किती?"

"तीन तास. यात्रेच्या आधी अडतीसच लागत हुती, खोटं न्हाई बोलत. चार दिसांत चार्जर बसला बघा."

अजून बाबालाल काही बोलणार, तोवर रेश्मा आली. ती शेजारच्या कारखान्यात पॅकिंगला. "चाचा, तुमी म्हणालेला तास-बारा मिनिटं. सकाळपासनं लावलाय, वीस टक्क्यावर बसलाय." मग भऱ्याचे दोघे आले. मग खतवाल्याचा भाऊ. अकरापर्यंत सात जण झाले, आणि आठवा आला तो खुद्द कोंडिबा. त्याने येताना कुरकुर केली नाही, नुसता फोन फडक्यावर ठेवला आणि खाली मान घातली. दोस्ताची ही मान खाली घालणं बाबालालला सगळ्यांत जास्त लागलं.

शाकिर रविवार म्हणून आलाच होता. तो मोठा शहाणा पोरगा. हसला नाही. नुसतं बापाला पाणी दिलं. मोमोवाल्याने मात्र लांबून दुकानाची रुंदी डोळ्याने मोजायला सुरुवात केली.

"थांबा," बाबालाल म्हणाला. "आधी मोजू."

त्याने दुकानातला आपला फोन काढला, शंभूचा चार्जर आणि शंभूचीच वायर त्याला लावली आणि घड्याळ दाबलं. पाच मिनिटांत सतरा टक्के. अगदी ठरल्याप्रमाणे. मग तोच चार्जर, तीच वायर, शंभूचा फोन. सकाळपासून यात्रेचे व्हिडिओ दाखवून तो आठ टक्क्यांवर आला होता. पाच मिनिटं झाली. स्क्रीनवर अकरा. नेहमी जोडीने चमकणाऱ्या दोन विजांऐवजी एकच वीज, तीही मिणमिणती.

"चार्जर ठीक हाय," बाबालाल म्हणाला. "फोनातच कायतरी हाय."

"आठ जणांच्या फोनात?" खतवाल्याचा भाऊ म्हणाला. "आठ कंपन्यांचे फोन एका रात्रीत कसे आजारी पडतील, चाचा? आन् तुमचाच तेवढा ठणठणीत! घरचं बैल, घरचं घड्याळ, असं चालतंय व्हय?"

घाटावर वीस वर्षांत हे वाक्य बाबालालला कुणी ऐकवलं नव्हतं. त्याने एकेक फोन लावून पाहिला. सगळ्यांची तीच गत. सगळीकडे ठिबक सिंचन. त्याने वायर बदलली, प्लग बदलला, बोर्ड बदलला, शेवटी खतवाल्याच्या दुकानातून लाईट आणून पाहिली. कोंडिबा हळूच म्हणाला, "आधीच्या आकड्यात कायतरी चुकलं आसंल गड्या. माणूस हाय, चुकतोय."

"मी तीनदा मोजलंय, कोंडिबा."

"बरं."

हे 'बरं' फार वाईट होतं. बाबालालने गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं आणि टेबलावर ठेवलं. "शाकिर, शटरची काठी घे. शब्द म्हंजी शब्द. शंभू, तुझा चार्जर ठिव हितं."

शाकिर काठीला हात लावेना. "अब्बा, आज नको. निवांत बघू ना."

"निशाण पडल्यावर निवांत बघत्यात व्हय?"

एवढ्यात आठवड्याचा बाजार करून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बिस्मिल्ला आली. तिने गर्दी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, काठी पाहिली, आणि तिला माणच्या किचनमधलं स्टूल डोळ्यांसमोर दिसलं. पण एवढ्या बाप्यांच्या देखत काय बोलणार? म्हणून बायका अशा वेळी जे करतात ते तिने केलं. दुसऱ्याच गोष्टीवरून चिडली.

"ह्ये काय करून ठेवलंय फडक्याचं? परवाच धुऊन दिलं हुतं, बगळ्यासारखं पांढरं! यात्रेत तर तुमी स्टेजवर बसलेला, मग गुलाल हितवर कसा आला?"

"कुठला गुलाल?"

"ह्यो काय! ठिपकं ठिपकं!"

बाबालाल वाकला. पांढऱ्या फडक्यावर, जिथे जिथे फोन ठेवले होते तिथे तिथे, तळाच्या बाजूला चिमूटभरही भरणार नाहीत असे गुलाबी ठिपके होते. एक, दोन, तीन... बरोबर आठ. आणि आठही जण काल यात्रेत होते. चाळीस वर्षं घड्याळं उघडताना तो हेच करत आला होता. आत काय बिघडलंय ते घड्याळ सांगत नाही, फडक्यावर काय पडलं ते सांगतं. आज गर्दीपायी तो फडक्याकडे बघायलाच विसरला होता.

त्याने खणातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, भुवईखाली अडकवलं आणि शंभूचा फोन उचलून त्याच्या तळाच्या भोकात डोकावला. बराच वेळ डोकावला. मग त्याचे खांदे हलायला लागले. गर्दीला आधी वाटलं म्हातारा रडतोय. पण तो हसत होता.

"शंभू, लेका, तुझ्या हौश्यानं घाट मारला, तवा फोन कुटं हुता?"

"हातात. वर धरलेला."

"आन् वरनं जेसीबी." बाबालालने भिंग शंभूच्या डोळ्याला लावलं. "बघ, तुझ्या फोनाचं तोंड गुलालानं भरलंय. चार्जर इचारतोय, पाव्हणं कुठलं? आन् पाव्हण्याच्या तोंडात गुलाल! बोलणार कसा? म्हणून चार्जर बिचारा समजतोय, परका हाय, द्या चहा!"

कोंडिबाने मांडीवर थाप मारली. "मायला! सोयरिकीच्या बैठकीत मुका पाव्हणा!"

"मुका न्हाई. विजयी हाय," बाबालाल म्हणाला.

मग काम सुरू झालं आणि बाजारातली गर्दी दुप्पट झाली. फोन बंद केला, उलटा धरला. लाकडी काडीचं टोक तासून बारीक केलं, घड्याळातली धूळ उडवायचा रबरी फुगा घेतला. काडीने हलकेच खरवडायचं, फुग्याने फुस्स करायचं, पुन्हा भिंग. प्रत्येक फुस्ससरशी गुलाबी धूर निघे आणि पोरंटोरं टाळ्या वाजवत. शंभूच्या फोनातून इतका गुलाल निघाला की बिस्मिल्ला म्हणाली, "जपून ठेवा, पुढच्या वर्षी पुरंल."

फोन साफ झाला. अकरा टक्के.

"आता मोज चाचा," शंभू म्हणाला.

"मी न्हाई मोजणार. घरचं बैल, घरचं घड्याळ नगं." बाबालालने स्टॉपवॉच खतवाल्याच्या भावाच्या हातात दिलं. तो बावरला. "मी आधी सांगतो, मग तुमी मोजा. अकरावरनं पन्नासला तेरा मिनिटं वीस सेकंद."

खरं तर सांगताना त्याची स्वतःचीच खात्री नव्हती. बिस्मिल्लाने ते ओळखलं, कारण तो उगाच चष्म्याची काडी चावत होता. पण बाहेरून तो घाटावरचा बाबालाल होता. कोंडिबाने खांद्यावरचा टॉवेल काढून निशाणासारखा वर धरला. शंभूने वडापाववाल्याचा झारा माईक म्हणून घेतला.

"मंडळी, बारी लागतीया! जस्मीन वॉच कंपनी, पिरंगुट, यांच्या दावणीचा ऐंशी वॅट! निशाणाकडं लक्ष द्या!"

टॉवेल खाली आला. स्क्रीनवर दोन विजा एकदम लखलखल्या आणि गर्दीतून शिट्टी गेली.

"सुटला, सुटला! बारा! तेरा! काय ती चाल, काय तो रुबाब! मंडळी, मागं सरका, फोनाला वारा येऊ द्या, तापला तर बसंल! पंधरा!"

तेरा मिनिटं हा निवेदकासाठी फार मोठा घाट. बैलाचा बारा सेकंदांत आटपतो. तिसऱ्या मिनिटाला शंभूचे शब्द संपले. मग त्याने फोनाच्या मालकाचं, म्हणजे स्वतःचंच, कौतुक केलं. सातव्या मिनिटाला देणगीदारांची नावं घेतली. नवव्याला हरवलेल्या मुलाची घोषणा केली, जो हरवलेला नव्हता, आईच्या कडेवर वडा खात होता. शाकिर या सगळ्यात कधी पुढे येऊन टेबलाला टेकला, ते त्यालाही कळलं नाही. "सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस..." तो स्वतःच मोजत होता, आणि मुठी आवळल्या होत्या.

"एकोणपन्नास! आली, आली, आली... झाली, झाली, झाली, झालीऽऽ!"

खतवाल्याच्या भावाने घड्याळ दाबलं. बघितलं. पुन्हा बघितलं.

"तेरा मिनिटं..." त्याने घड्याळ कोंडिबापुढे धरलं. "तेरा मिनिटं सतरा सेकंद."

असा काही गलका उठला की पौड रस्त्यावरच्या पीएमटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू करून वळून पाहिलं. कोंडिबाने बाबालालला उचलायचा प्रयत्न केला. दोघांच्याही कमरांनी तो हाणून पाडला. फक्त बाबालाल कपाळाला आठी घालून उभा होता.

"तीन सेकंद कुटं गेलं?" तो पुटपुटला.

"गेलं हौश्याला चारा घालायला!" बिस्मिल्ला म्हणाली, आणि पहिल्यांदाच मनापासून हसली.

मग शाकिरने जरा ओशाळून खिशातून स्वतःचा फोन काढला. महागातला. त्याचा चार्जरही महागातला, पाच स्टारांचा, घरबसल्या मागवलेला. "अब्बा, माझाही दोन महिने झाले हळूहळूच चार्ज होतोय. मला वाटलं अपडेटमुळे. मी तर यात्रेला नव्हतो."

बाबालालने भिंग लावलं. "गुलाल न्हाई. पँटीच्या खिशातली कापसाची गाठ हाय." काडी, फुस्स, आणि फडक्यावर निळी बारीक गादी पडली. "पाच स्टारवाल्यांनी ह्ये सांगितलं न्हाई व्हय?"

शाकिरने शटरची काठी उचलली. त्याने ती टेबलाखाली पार आत सरकवली आणि मोमोवाल्याला सांगितलं, "दादा, तुम्ही घोटवड्याच्या फाट्यावर बघा. तिथं गर्दी चांगली असते." मग बापाच्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि रबरी फुगा हातात घेतला. एव्हाना भऱ्यात फोन गेले होते आणि वरची आळी व खालची आळी, दोन्ही, एकाच रिक्षात बसून फोन घेऊन येत होत्या.

"घरी जेवायला कधी येणार?" बिस्मिल्लाने पिशव्या उचलत विचारलं.

बाबालालने रांगेवर नजर टाकली. "वीस फोन हायेत. एका फोनाला चार मिनिटं दहा सेकंद. म्हंजी..."

"एक तास तेवीस मिनिटं," बिस्मिल्ला म्हणाली. इतक्या गुरुवारांनंतर तिलाही ते जमू लागलं होतं. "त्या हिशोबानं भाकरी टाकते. सावकाश या. आन् ते घड्याळ तेवढं हितंच ठेवून या."